रांगेतल्या माणसाचं माप

नकाशाच्या उजव्या हाताला, खाली, एक चौकट असते. कामाचं नाव, स्केल, तारीख, फर्मचं नाव आणि सगळ्यात शेवटी दोन बारीक रकाने: कुणी काढला, कुणी तपासला. त्यातल्या पहिल्या रकान्यात मी नोकरीभर माझी आद्याक्षरं लिहीत आलो. फोर्टमधल्या एका जुन्या आर्किटेक्ट फर्ममध्ये मी ड्राफ्ट्समन होतो. टी-स्क्वेअर आणि ट्रेसिंग पेपरवर सुरुवात केली. शाईची रेघ पसरली की अर्ध्या ब्लेडने ती अलगद खरडायला शिकलो. अमोनियाच्या वासात डोळे चोळत प्रिंट काढल्या. शेवटची वर्षं कॉम्प्युटरवर गेली. आमच्याकडे बंगले आणि टॉवर क्वचितच यायचे. महापालिकेच्या शाळा, दवाखाने, मंडया, एखादं प्रसूतिगृह, कुठल्याशा तालुक्याच्या गावचं कोर्ट, असलं काम. या कामात पैसा उशिरा मिळायचा आणि नाव जवळजवळ कधीच मिळायचं नाही. तरी दुसरीकडे जावं असं मला वाटलं नाही, आणि का वाटलं नाही हे आता निवृत्तीनंतर नीट लिहून काढावंसं वाटतंय.

मुंबई महापालिकेच्या मुख्यालयात एक पाटी आहे. तिच्यावर आर्किटेक्ट म्हणून फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचं नाव आहे, पण त्यांच्यापाशी ती थांबत नाही. खाली असिस्टंट आर्किटेक्ट रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आहेत, एक्झिक्युटिव्ह इंजिनीअर वॉल्टन आहेत आणि कंत्राटदार व्यंकू बाळाजी कालेवार आहेत. काम 1889च्या एप्रिलमध्ये सुरू झालं आणि 1893च्या जुलैत संपलं. मंजूर खर्च 11,88,969 रुपये, प्रत्यक्ष खर्च 11,88,082 रुपये. सार्वजनिक इमारतीचा इतका चोख जमाखर्च मी दुसरीकडे पाहिलेला नाही. कुणी काढलं, कुणी उभं केलं, किती लागले आणि किती उरले, हे सगळं इमारतीनेच सांगितलेलं आहे. वैद्य त्याआधी बोरीबंदरच्या, म्हणजे आताच्या सीएसएमटी स्टेशनच्या, कामावरही स्टीव्हन्सबरोबर होते. पर्यटकांना स्टीव्हन्स सांगितले जातात. वैद्यांचं नाव मी एकाही गाईडच्या तोंडून ऐकलेलं नाही.

स्टीव्हन्स सरकारी नोकर म्हणून मुंबईत आले होते. बोरीबंदरचं काम चालू असतानाच, 1884 साली, त्यांनी नोकरी सोडून स्वतःचं ऑफिस काढलं. ते गेल्यावर मुलाने, चार्ल्सने, ते पुढे चालवलं. रीगल सिनेमा त्याचा, 1933चा. म्हणजे बापाने दगडात गॉथिक कमानी घडवल्या आणि त्याच ऑफिसच्या वारसाने सिमेंट काँक्रीटमध्ये सिनेमागृह उभं केलं. आर्किटेक्टच्या फर्मचा इतिहास बहुतेक वेळा इमारतींच्या यादीतून सांगतात. आत काम केलेल्या माणसाला तो वेगळा दिसतो. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर काय गेलं, धाकट्याने थोरल्याचं काय उचललं आणि काय सोडलं, हा खरा इतिहास. गाण्यात घराणं असतं, तसंच हे. चीज बदलते, गळा बदलतो. स्वर लावायची रीत राहते.

आमच्या धंद्यातली रीत म्हणजे माप घ्यायची रीत.

ती कुठून आली हे शोधायला गेलं की मुंबईत पाऊल जे.जे. कलाशाळेच्या आवारात पडतंच. तिथे 1896 साली ड्राफ्ट्समनचा वर्ग सुरू झाला. आर्किटेक्टची पूर्ण पदवी नंतरची. हे मला आमच्या ऑफिसातल्या एका जुन्या सहकाऱ्याने सांगितलं होतं, आणि त्या दिवशी मला झालेला आनंद अजून आठवतो. तिथले गाजलेले शिक्षक, इंग्रज आर्किटेक्ट क्लॉड बॅटली मुंबईत आले 1913 साली. ग्रेगसन, बॅटली अँड किंग या फर्मचे ते भागीदार, आणि 1923 ते 1943 जे.जे.च्या आर्किटेक्चर विभागाचे प्रमुख. मुंबई सेंट्रल स्टेशन त्यांचं. शापूरजी पालनजींनी ते 21 महिन्यांत बांधून दिलं, खर्च आला 1 कोटी 56 लाख, आणि 18 डिसेंबर 1930 रोजी ते खुलं झालं. कोकणात जाणाऱ्यांना त्या स्टेशनापेक्षा बाहेरचा एसटी डेपो जास्त ठाऊक. पण गुजरातकडची एखादी गाडी पकडायला कधी गेलात तर मधल्या मोठ्या दालनात दोन मिनिटं उभे राहून बघा. ट्रंका, पोरं, पाण्याची भांडी, झोपलेली म्हातारी माणसं, आणि तरी चालणाऱ्याला वाट मिळते.

बॅटली वर्गात शिकवायचे तसेच विद्यार्थ्यांना बाहेरही न्यायचे. जुनी देवळं, मशिदी, वाडे, हवेल्या, घाट यांची मापं घ्यायला लावायचे. टेप धरायची, वहीत आकडे लिहायचे, परत येऊन शाईत काढायचं. तो साहेब स्वतः विलायतेतून आलेला, पण इथलं हवामान आणि इथली बसायची-उठायची पद्धत इथल्या बांधकामातूनच कळेल अशी त्यांची खात्री होती. ओसरीची खोली किती, छज्जा किती बाहेर आला म्हणजे उन्हाळ्यातलं ऊन आत येत नाही, पायरीची उंची किती ठेवली म्हणजे म्हाताऱ्या माणसाला ती चढता येते, हे पुस्तकात वाचणं आणि स्वतः गुडघ्यावर बसून मोजणं यांत फार अंतर आहे. मोजलेलं हातात राहतं.

आमचे थोरले साहेब त्याच वळणाचे. त्यांनी बॅटलींना पाहिलं नव्हतं, पण बॅटलींच्या विद्यार्थ्याच्या हाताखाली ते शिकले होते. मी नवीन असताना एका रुग्णालयाच्या ओपीडीचं काम आलं. जुन्या कामांचे नकाशे ऑफिसात होतेच. त्यातला एक समोर ठेवून मी प्लॅन काढायला घेतला. साहेब मागून आले आणि बाकांच्या रेघेवर बोट ठेवून म्हणाले, "इथे कोण बसणार रे?"

"पेशंट, साहेब."

"एकटाच येतो का तो?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आम्हा तिघा-चौघांना परळच्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात धाडलं. काढायचं काही नाही, बघायचं आणि मोजायचं, एवढाच हुकूम. पहाटेची पहिली लोकल पकडून माणसं आलेली होती. कसाऱ्याची, कर्जतची, काही तर आदल्या रात्रीच येऊन फुटपाथवर झोपलेली. एका पेशंटबरोबर दोन माणसं, कधी तीन. एक रांगेत, एक पेशंटपाशी, एक केसपेपर घेऊन धावणारा. हातात पिशवी, पिशवीत डबा, चादर, प्लास्टिकच्या पिशवीत एक्स-रे. बाकावर जागा नसली की माणूस भिंतीला टेकून उकिडवा बसतो आणि त्याचे गुडघे पॅसेजमध्ये येतात. त्या गुडघ्यांना चुकवत वॉर्डबॉय स्ट्रेचर काढतो. साहेबांनी सांगितलं होतं म्हणून मी भिंतीपासून गुडघ्यापर्यंतचं अंतर टेपने मोजलं, ज्याचं मोजलं त्या काकांनी विचारलं, "कशाला मापता, पोरा?" मी सांगितलं. ते म्हणाले, "मग पाण्याचा नळ जवळ ठेवा. जागा सोडून गेलं की जागा जाते."

रुग्णालयाचा पॅसेज 2.4 मीटरचा असावा असा नियम आहे. समोरासमोरून येणारी दोन स्ट्रेचरं निघावीत, हा त्यामागचा हिशेब. नियमात उकिडवा बसलेला माणूस नाही. आमच्या नकाशात साहेबांनी भिंतीत कोनाड्यासारखी खाच ठेवून बाकं आत ढकलली आणि पॅसेज मोकळा ठेवला. पाण्याचा नळ रांगेच्या मधोमध आला. क्षेत्रफळ वाढलं म्हणून मंजुरीला त्रास झाला. साहेबांनी तळमजल्यावरच्या अधिकाऱ्यांच्या खोल्या लहान करून ते भरून काढलं आणि त्याबद्दल बैठकीत बोलणीही खाल्ली. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की आमच्या कामात ज्याच्या सहीने पैसे मिळतात तो एक माणूस आणि ज्याच्यासाठी इमारत आहे तो दुसराच. बंगल्याचा मालक टेबलाच्या पलीकडे बसून सांगतो, मला स्वयंपाकघर पूर्वेला हवं. ओपीडीतले काका कुठल्याच बैठकीला नसतात. त्यांच्या वतीने फर्ममधल्याच कुणीतरी भांडायचं असतं.

असं भांडण एका फर्मने आयुष्यभर कसं चालवलं हे पाहायचं तर मी आर्किटेक्ट अच्युत कानविंदेंकडे वळतो. त्यांची फर्म दिल्लीची, कामं देशभरची. पण माणूस आपला, मालवणाजवळच्या आचऱ्याचा. माझं आजोळ त्याच बाजूला. मामा अभिमानाने म्हणायचे, "तो आपल्या आचऱ्याचो!" आणि पुढे काही सांगता यायचं नाही, कारण त्यांनी काय बांधलंय हे गावात फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. आचरं लोकांना माहीत आहे ते गावपळणीसाठी. काही वर्षांनी एकदा रामेश्वराचा कौल झाला की सगळं गाव गुराढोरांसकट, कोंबड्या-कुत्र्यांसकट तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर जाऊन राहतं. माडाच्या झापांची खोपटी घालायची, एकत्र रांधायचं, रात्री भजन. घरं मागे रिकामी. या प्रथेचा कानविंदेंच्या वास्तुकलेशी धागा जोडायचा मोह होतो, पण तसा पुरावा नाही, म्हणून जोडत नाही. फक्त एवढंच की चार खांब आणि वर झाप यांवर शेकडो माणसं नीट राहू शकतात, हे त्या गावच्या पोराला कुणी शिकवावं लागत नाही.

जन्म 1916चा. आई लहानपणीच गेली, वडील मुंबईत चित्रकलेचे शिक्षक. जे.जे.त आर्किटेक्चर शिकले ते बॅटलींच्याच हाताखाली. पुढे शांतिस्वरूप भटनागरांच्या सीएसआयआरने, म्हणजे वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने, त्यांना घेतलं, आणि 1945 साली हार्वर्डला पाठवलं. तिथे आधुनिक वास्तुकलेचे एक आद्य जर्मन आर्किटेक्ट वॉल्टर ग्रोपिअस शिकवत होते. देश स्वतंत्र होत असताना कानविंदे परत आले. प्रयोगशाळांची साखळी उभी करायची होती आणि प्रयोगशाळा कशी असते हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत होतं. गॅस, पाणी, वायू बाहेर टाकायची धुराडी, यंत्रांची थरथर, आणि यंत्र उद्या बदललं तर भिंत हलवता यावी ही सोय, असा सगळा नवा हिशेब होता. अहमदाबादेत गिरण्यांच्या संशोधन संस्थेची, अटिराची, इमारत त्यांनी केली ती याच काळात. विक्रम साराभाई तेव्हा ती संस्था उभी करत होते. मग 1955 मध्ये त्यांनी शौकत राय यांच्याबरोबर स्वतःची फर्म काढली: कानविंदे अँड राय. संशोधन संस्था, विद्यापीठं, डेअऱ्या, विज्ञान केंद्रं. फर्मच्या कामांची नावं वाचली की तेव्हाचा देश काय काय करू पाहत होता ते ओळीने समोर येतं.

आयआयटी कानपूर मी पाहिलं ते भाच्याला तिथे सोडायला गेलो तेव्हा. बहिणीने बॅगा आणि लोणच्याच्या बरण्या सांभाळायच्या आणि मी फॉर्म भरायचे असं ठरलं होतं. मी निम्मा वेळ छताकडेच बघत होतो. जुलै महिना, उत्तरेतली दमट काहिली. स्टेशनवरून येताना अंगाची लाही झालेली. आणि त्या आवारात शिरल्यावर, शिकवण्याच्या इमारतींच्या मधोमध, उन्हात पाऊल न टाकता आम्ही एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेलो. सगळ्या इमारती छत असलेल्या लांबलचक पायवाटांनी एकमेकींना जोडलेल्या आहेत. वाट कधी जमिनीलगत, कधी वरच्या मजल्यावरून. मोटार तिथे आत येतच नाही. मधे ग्रंथालय, भोवती विभाग, व्याख्यानांचे हॉल. खाली चालणाऱ्याला वरच्या वाटेची सावली.

चांगली सार्वजनिक इमारत मला पॅसेजवरून कळते. खोल्या कुणीही चांगल्या काढतो, कारण खोलीचं क्षेत्रफळ मागणीपत्रात लिहिलेलं असतं. पॅसेज कुणी मागत नाही. तो क्षेत्रफळात वाया गेलेला धरतात आणि काटकसर करायची वेळ आली की पहिली कात्री त्यालाच. कानपूरला पॅसेज हाच मुख्य धरलेला आहे. त्यामागे पहिले संचालक पुरुषोत्तम काशिनाथ केळकर यांचा आग्रह होता की विभागांनी आपापल्या भिंतींत कोंडून घेऊ नये, भौतिकशास्त्रवाल्याची आणि यंत्रवाल्याची वाटेत गाठ पडावी. केळकर म्हणजे माटुंग्याच्या व्हीजेटीआयमध्ये अनेक वर्षं शिकवलेले, पुढे 1970 ते 1974 पवईच्या आयआयटीचे संचालक झालेले. एक आचऱ्याचा, एक माटुंग्याला शिकवून आलेला, आणि दोघं गंगेकाठी एका मोकळ्या माळावर उभे राहून पोरं कुठून कुठे चालतील याचा विचार करतायत. ही गोष्ट आपल्या मराठी शाळांतून का सांगत नाहीत, हे मला कळत नाही.

संस्था 1959 साली एका दुसऱ्या कॉलेजच्या कँटीनच्या इमारतीत सुरू झाली होती आणि 1963च्या सुमारास नव्या आवारात आली. घाई होती, पैसा मोजका होता. खांब-तुळयांचा काँक्रीटचा सांगाडा आणि मधे विटांची भरण, दोन्ही उघडं, गिलावा नाही, रंग नाही. काही लोकांना ते रुक्ष वाटतं. मी सरकारी इमारतींच्या दुरुस्तीची कागदपत्रं केलेली आहेत, म्हणून मला त्यातलं शहाणपण दिसतं. रंग लावलेली भिंत दर काही वर्षांनी टेंडर मागते, आणि ते टेंडर निघेपर्यंत पोपडे पडतात. चांगली भाजलेली वीट काही मागत नाही. भाचा तिथे राहिला, शिकला, आता बंगळुरूला असतो. त्याला विचारलं, तुझ्या कॉलेजचा आर्किटेक्ट कोण? माहीत नव्हतं. पण परीक्षेच्या दिवसांत रात्री दोन वाजता वरच्या वाटेवर कुठे वारा येतो ते त्याने अचूक सांगितलं.

कानविंदेंचं पुढचं काम मला आणखी धीट वाटतं. मेहसाण्याची दूधसागर डेअरी, 1970च्या दशकाच्या सुरुवातीची. डेअरी ही आर्किटेक्टने करायची गोष्ट आहे असं तेव्हा फार जणांना वाटत नसेल. इंजिनीअर पत्र्याची शेड उभी करून मोकळा. इथे दूध वर चढवून मग उतारानेच एकेका प्रक्रियेतून खाली आणायचं असा बेत होता आणि इमारत त्या उताराप्रमाणे रचली गेली. यंत्रांची उष्णता आणि वाफ वर खेचणाऱ्या हवेच्या नळ्या छतावरून उंच निघालेल्या. लांबून गडासारखी दिसते. गावोगावची माणसं पहाटे बरणीभर दूध संघाच्या केंद्रावर घालतात, ते या गडात येतं. शेतकऱ्यांच्या मालकीची वास्तू इतकी देखणी असावी, हा विचारच मला फार मोलाचा वाटतो. दिल्लीचं इस्कॉनचं देऊळही त्यांचंच, 1998चं, आणि ते मी पाहून आलोय. गर्दी सांभाळायची हातोटी तिथेही आहे, पण खरं सांगायचं तर त्या शिखरांपुढे उभं राहून मला डेअरीचीच आठवण येत होती.

मुंबईकरांनी कानविंदेंची इमारत पाहिलेली असते. फक्त ती त्यांची आहे हे ठाऊक नसतं. वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र. आवारातली मुलांची विज्ञान बाग आधी, 1979 साली, खुली झाली आणि पूर्ण केंद्राचं उद्घाटन राजीव गांधींनी 11 नोव्हेंबर 1985 रोजी केलं. त्याच परिसरात आय. एम. कादरींचं नेहरू तारांगण, 1977चं. माझी मुलं आधी तारांगण, मग वडापाव आणि मग विज्ञान केंद्र अशाच क्रमाने वाढली. शाळेच्या सहलीच्या दिवसांत तिथे जा. एकाच वेळी अनेक शाळांच्या रांगा, प्रत्येक रांगेच्या पुढे आणि मागे एकेक बाई, मधे पाण्याच्या बाटल्यांची लढाई. पोरांना बटणं दाबायची असतात, चाकं फिरवायची असतात, एका यंत्राकडून दुसऱ्याकडे धावायचं असतं. वस्तू काचेमागे ठेवून बघायला लावणारं हे संग्रहालय नव्हे, त्यामुळे इथे आवाज होणार, घाम येणार, हात लागणार, हे धरूनच इमारत करावी लागते. महापालिकेच्या शाळेतलं पोर आणि महागड्या शाळेतलं पोर एकाच आरशापुढे वेडीवाकडी तोंडं करतात. या शहरात असं फार कमी ठिकाणी घडतं.

एक अडचण मात्र मान्य केली पाहिजे. उघडं काँक्रीट कानपूरला टिकतं तसं मुंबईत टिकत नाही. चार महिने पाऊस, बाराही महिने खारा वारा. काँक्रीटच्या आत सळी असते. वरचं आवरण पातळ पडलं की ओल आणि क्षार आत पोचतात, सळी गंजते, गंज फुगतो आणि काँक्रीटचे ढलपे पडतात. त्या पिढीने समुद्रकाठच्या हवेचा अंदाज कमी धरला, असं माझं साइटवर पाहून झालेलं मत आहे. पण इमारत खराब दिसायला लागली की ती काचेने नाहीतर ॲल्युमिनियमच्या पत्र्याने झाकून टाकायची सध्याची रीत त्याहून वाईट. आत ओल तशीच राहते, वर वातानुकूलनाचं बिल वाढतं, आणि ज्या व्हरांड्यात रांग सावलीत उभी राहायची तो व्हरांडा आत घेऊन केबिन होते.

पैशाची बाजू सांगायला हवी, कारण तिच्यावाचून फर्मचा इतिहास अर्धा राहतो. आर्किटेक्टची फी बांधकामखर्चाच्या टक्क्यांत धरण्याची चाल जुनी आहे. सार्वजनिक इमारत स्वस्तात करून दिली की फी आपोआप कमी. बैठका जास्त, बदल जास्त, फायली जास्त, आणि रनिंग बिल, म्हणजे काम चालू असताना टप्प्याटप्प्याने लावायचं बिल, पास होईपर्यंत ऑफिसचा पगार मालकाच्या खिशातून. आमच्या साहेबांनी एका पावसाळ्यात घरचं सोनं ठेवून पगार केले, हे आम्हाला फार उशिरा कळलं. अशा धंद्यात एखादी फर्म टिकते ती दोन कारणांनी. एक, आतल्या माणसांची निष्ठा. दुसरं, पलीकडे कुणीतरी विश्वास टाकणारा असणं. कानविंदेंच्या पलीकडे भटनागर होते, साराभाई होते, केळकर होते. या लोकांनी आर्किटेक्ट निवडला, त्याच्याशी वाद घातला आणि मग त्याला काम करू दिलं.

आता पलीकडे निविदेचा लिफाफा आहे. तांत्रिक लिफाफा आणि आर्थिक लिफाफा. गेल्या तीन वर्षांची उलाढाल अमुक कोटी, तसलंच काम पूर्वी केल्याचा दाखला, अनामत रक्कम, आणि शेवटी सगळ्यात कमी बोली लावणारा एल-वन. तरुण फर्मला पहिल्याच अटीवर दार बंद. पुष्कळ ठिकाणी तर आर्किटेक्ट वेगळा नेमतच नाहीत. डिझाइन आणि बांधकाम मिळून एकच ठेका, म्हणजे आर्किटेक्ट कंत्राटदाराचा नोकर. ओपीडीतल्या काकांच्या वतीने भांडणारा माणूस अशा रचनेत कुठे उभा राहणार? भ्रष्टाचार रोखायला या अटी आल्या हे मला मान्य आहे. त्या अटींनी माप घेणारा माणूसही बाहेर गेला, हे कुणी बोलत नाही.

याची किंमत मुंबईने मोजलेली आहे. 29 सप्टेंबर 2017, सकाळची वेळ, पाऊस. एल्फिन्स्टन रोड आणि परळ जोडणाऱ्या पादचारी पुलाच्या जिन्यावर चेंगराचेंगरी झाली आणि 23 माणसं गेली. त्या भागातल्या गिरण्या बंद पडून तिथे ऑफिसांचे मनोरे उभे राहिले. रोज उतरणाऱ्या माणसांची संख्या बदलली, जिना तेवढाच राहिला. जिन्याची रुंदी ही आमच्या नकाशात दोन रेघांमधली जागा. मी अशा शेकडो रेघा काढल्या आहेत. त्या दिवसानंतर कित्येक महिने जिना काढताना माझा हात थांबायचा. तिथून रोज जाणाऱ्या कुठल्याही माणसाला कुणी विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं की पाऊस आला की सगळे जिन्यातच थांबतात. पुढे लष्कराने नवा पूल बांधून दिला, स्टेशनचं नावही प्रभादेवी झालं.

कानविंदे 2002च्या डिसेंबरमध्ये गेले. फर्म पुढे कानविंदे, राय अँड चौधरी या नावाने चालू राहिली. मुलगा संजय तिथे आर्किटेक्ट. आमची फोर्टमधली फर्म अजून आहे, धाकटे साहेब चालवतात. मुलं-मुली हुशार आहेत, कॉम्प्युटरवर इमारत उभी करून तिच्यात फिरवून आणतात. मधूनमधून मला बोलावतात, जुन्या नकाशांतलं काही लागलं तर. मागे एका शाळेच्या कामाला मी त्यांतल्या दोघींना घेऊन गेलो. शाळा सुटायच्या वेळी फाटकाच्या आत उभे राहिलो. पहिलीची पोरं बाहेर यायच्या आधी बूट घालायला पायरीवर बसतात आणि सातवीची त्यांच्या डोक्यावरून उड्या मारतात. एकीने लगेच पायरीची लांबी मोजली. दुसरी बाहेर उभ्या असलेल्या आज्यांशी बोलायला गेली आणि बराच वेळ परत आली नाही. नव्या नकाशात फाटकाच्या आतल्या बाजूला छप्पर असलेला लांब ओटा आला आहे. मंजुरीत तो राहतो का ते बघायचं.

माझी एक मागणी आहे आणि ती मी महापालिकेला रीतसर अर्ज करून कळवणार आहे. रुग्णालय, शाळा, मंडई किंवा पूल, कुठल्याही सार्वजनिक कामाच्या निविदेत पहिली पायरी म्हणून एक आठवडा मोजमापाचा धरावा. इमारतीच्या मोजमापाचा वेगळा. हा माणसांच्या मोजमापाचा. आर्किटेक्टच्या माणसांनी पहाटेपासून रात्रीपर्यंत त्या जागी बसायचं, कोण येतं, कुणाबरोबर येतं, कुठे थांबतं, काय हातात असतं, पाऊस आला की कुठे जातं, हे लिहायचं आणि वही नकाशाबरोबर जमा करायची. ही वही नसेल तर आर्थिक लिफाफा उघडायचाच नाही. आणि त्या आठवड्याची फी वेगळी द्यावी, टक्क्यांत न धरता, रोजंदारीने. चार माणसांचा सात दिवसांचा पगार आणि चहापाणी. एखाद्या मोठ्या कामाच्या अंदाजपत्रकात ही रक्कम शोधूनही सापडणार नाही.